भूत ऐकावं कसं?

मागच्या अंकात या सदरात मी डिकन्सच्या ‘द सिग्नल-मॅन’बद्दल लिहिलं होतं. कथा १८६६ची. डोंगर कापून काढलेल्या खोल, ओलसर चरात, बोगद्याच्या तोंडाशी एकटाच ड्यूटी करणारा सिग्नलवाला आणि लाल दिव्यापाशी त्याला दिसणारी आकृती. ही गोष्ट स्वतः वाचण्यापेक्षा कुणाकडून तरी वाचून घ्यावी, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या महिन्याची सगळी पानं भुतांच्या नावे करून टाकली. नव्या वाचकांसाठी सांगते: मोठ्याने वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आधी रेडिओवर, आता ऑडिओबुकांच्या स्टुडिओत. तेव्हा उत्तरं माइकच्या या बाजूने आहेत, हे धरून वाचा.

डोळ्यांच्या पडद्याच्या विकारामुळे मला आता छापील मजकूर वाचता येत नाही. नातवाने फोनवर एम. आर. जेम्स यांच्या भुताच्या कथा लावून दिल्या. रात्री जेवण झाल्यावर ऐकतो, फार रंगतो. पण आमचे एक स्नेही म्हणतात, ‘ऐकणं म्हणजे वाचन नव्हे, ती आळशी माणसाची सोय.’ मनाला लागलं. — निवृत्त शिक्षक, मिरज

सर, स्नेह्यांना माझा नमस्कार सांगा. आणि हेही सांगा की भुताच्या गोष्टीपुरता मामला नेमका उलटा आहे. आधी ती ऐकायचीच गोष्ट होती, छापील पान मागाहून आलं.

तुमचे जेम्सच घ्या ना. माणूस केंब्रिजचा, जुन्या हस्तलिखितांचा गाढा अभ्यासक, पुढे किंग्ज कॉलेजचा प्रमुख. २८ ऑक्टोबर १८९३ रोजी तिथल्या ‘चिटचॅट सोसायटी’ नावाच्या मंडळात त्यांनी आपल्या दोन भुताच्या कथा वाचून दाखवल्या. मग दर ख्रिसमसला मित्रमंडळी त्यांच्या खोलीत जमायची असा रिवाजच पडला. जेम्स आतल्या खोलीतून कागद घेऊन बाहेर यायचे, एक सोडून बाकीच्या मेणबत्त्या विझवायचे आणि त्या एकीच्या उजेडात वाचायला बसायचे. कथांचं पहिलं पुस्तक निघालं १९०४ साली. समोर बसलेल्या पाच-सात ओळखीच्या माणसांसाठी लिहिलेला मजकूर आहे तो. आज तुम्ही तो ऐकता तेव्हा मूळ बैठकीच्या जास्त जवळ असता. पुस्तक उघडून बसलेले तुमचे स्नेही थोडे लांबच राहतात.

पण तुमचं पत्र वाचून मला खरी आठवण झाली ती लाफकाडिओ हर्न या लेखकाची. शाळेत असताना अपघातात त्यांचा डावा डोळा गेला, उजवाही अगदी कमजोर. १८९०मध्ये ते जपानला गेले, तिथल्याच सामुराई घराण्यातल्या सेत्सू कोइझुमी यांच्याशी त्यांनी संसार केला. जपानी भुताच्या जुन्या गोष्टी सेत्सूबाई आधी वाचून ठेवायच्या आणि रात्री दिव्याची वात बारीक करून नवऱ्याला सांगायच्या. त्यांनी पुस्तक हातात घेतलेलं हर्नना चालायचं नाही. तुझ्या शब्दांत, तुला वाटलं तसं सांग, असा हट्ट. यातून १९०४ साली त्यांचं ‘क्वाइदान’ हे पुस्तक झालं. त्यातली पहिलीच गोष्ट होइची नावाच्या आंधळ्या गवयाची. तो बिवा हे वाद्य वाजवून दान-नो-उरा इथल्या ११८५च्या लढाईचं आख्यान गायचा आणि रात्री त्या लढाईत बुडालेल्यांचीच भुतं त्याला गायला बोलावून न्यायची. त्याला वाचवायला देवळातल्या पुजाऱ्यांनी त्याच्या अंगभर पवित्र सूत्र लिहिलं, म्हणजे भुतांना तो दिसणार नाही. पण कानांवर लिहायचं राहिलं. पुढे कानांचं काय झालं ते सांगत नाही, ऐका.

ही गोष्ट डोक्यात घोळत होती त्या दिवसांत हर्न संध्याकाळी दिवा न लावता बसून राहायचे. सेत्सूबाई शेजारच्या खोलीतून हळूच हाक मारायच्या, ‘होइची, होइची.’ आणि अंधारातून उत्तर यायचं, ‘हो, मी आंधळा आहे. आपण कोण?’ नवरा गेल्यावर बाईंनी आपल्या आठवणींत हे सांगितलं आहे. आता याला आळशी माणसाची सोय म्हणायचं का, ते स्नेह्यांनी ठरवावं.

एक कामाची गोष्ट. ‘लिब्रिव्हॉक्स’ नावाचं संकेतस्थळ २००५पासून चालू आहे. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं तिथे जगभरचे हौशी लोक वाचून ठेवतात, फुकट. हौशी म्हणजे काही आवाज सुरेख, काही ऐकवत नाहीत असे. नातवाला सांगा, एकाच कथेचे तीन-चार आवाज लावून बघ आणि आजोबांना मानवेल तो ठेव. आवाज आवडला नाही तर कथा सोडू नका, वाचणारा बदला.

मी रोज हिंजवडीला जाताना बसमध्ये भुताच्या कथा ऐकतो. दीडपट वेगाने ऐकतो कारण यादी मोठी आहे. जेम्स, ब्लॅकवुड, जेकब्ज सगळं झालं. खरं सांगू का, कशाचीच भीती वाटली नाही. या लोकांचं उगाच कौतुक होतं का? — आयटीवाला, पुणे

अरे, दीडपट वेगाने भूत कसं येईल? त्याला येताना वेळ लागतो.

आम्ही वाचायला बसतो तेव्हा समोरच्या कागदावर पेन्सिलीच्या उभ्या रेघा मारलेल्या असतात. एक रेघ म्हणजे श्वास. दोन रेघा म्हणजे थांबायचं. भुताच्या गोष्टीत कधी कधी मी तीन मारते. तिथे मनात दोन आकडे मोजायचे आणि मगच पुढचा शब्द. हे सगळं करून झाल्यावर तू ते दीडपट दाबून टाकतोस. त्यात काही ॲपमध्ये शांतता आपोआप कापून टाकायची सोय असते, ती बहुधा तुझ्याकडे चालू असणार. आधी ती बंद कर. आम्ही मोजून मापून टाकलेली जागा ते यंत्र कचरा समजून झाडून काढतं.

जेम्स यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. हा माणूस भुताला पुढच्या दारातून कधी आणत नाही. चर्चचा इतिहास, लॅटिन शिलालेख, कुठल्या गावच्या खानावळीत काय जेवलो, असं सगळं निवांत चाललेलं असतं आणि मधेच एखाद्या वाक्याच्या कोपऱ्यात, जाता जाता, ते येऊन गेलेलं असतं. तू तेवढ्यात कंडक्टरला पास दाखवलास की चुकलं. सुट्टीच्या दिवशी घरी बसून, साध्या वेगाने, त्यांची शिट्टीची कथा ऐक. ‘ओ, व्हिसल, अँड आय’ल कम टू यू, माय लॅड’ असं लांबलचक नाव आहे. पार्किन्स नावाचा प्रोफेसर, भुताखेतांवर काडीचा विश्वास नसलेला, समुद्रकाठी गोल्फ खेळायला जातो. पडक्या अवशेषांत त्याला एक ब्राँझची शिट्टी सापडते. तो ती वाजवतो. त्याच्या हॉटेलच्या खोलीत दोन पलंग असतात, झोपणारा मात्र तो एकटा. बाकी मी सांगत नाही. वाचणारा चांगला असेल तर ‘दोन पलंग’ हे शब्द पहिल्यांदा येतात तेव्हा तो त्यांच्यावर जराही जोर देणार नाही. जोर दिला तर समज, त्याला कथा कळलेली नाही.

यादी संपवायला भुताच्या गोष्टी कशाला हव्यात? त्यासाठी ऑफिसचे व्हिडिओ आहेत.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. पांघरुणात फोन घेऊन हेडफोनवर भुताच्या गोष्टी ऐकतो आणि मग रात्री आम्हाला उठवतो. सासूबाई म्हणतात दृष्ट काढा, हे म्हणतात फोन काढून घ्या. ताई, तुम्ही काय म्हणता? — एक आई, डोंबिवली

दृष्ट काढायला माझी हरकत नाही, मीठ-मोहऱ्यांनी कुणाचं वाईट झालेलं नाही. फोन काढून घेऊन मात्र काही साधणार नाही, तो शाळेच्या बसमध्ये मित्राचा ऐकेल.

मी आधी हेडफोन काढेन. हेडफोनमधला आवाज खोलीत नसतो, थेट डोक्याच्या आत असतो. आम्ही माइकच्या चार बोटांवर तोंड ठेवून हळू बोलतो, ते मुलाच्या कानात कुणी खेटून बसून बोलावं तसं उतरतं. मोठ्या माणसाला यातच मजा येते, नऊ वर्षांच्या पोराला ते झेपत नाही. तीच गोष्ट स्पीकरवर लावली, आई शेजारी भाजी निवडत बसली आहे, की भूत खोलीच्या त्या टोकाला जातं.

दुसरं, गोष्ट अर्धी तोडून झोपायला पाठवू नका. ‘बास आता, उरलेली उद्या’ हे परीकथेला ठीक आहे. भुताची गोष्ट अर्धी राहिली की उरलेली गोष्ट मूल अंधारात स्वतः रचतं, आणि ती नेहमी मूळ गोष्टीपेक्षा भयंकर असते. वेळ कमी असेल तर छोटी लावा, पण पुरी करा.

तिसरं, कोणती लावायची. ऑस्कर वाइल्डची कँटरव्हिलच्या भुताची गोष्ट (१८८७) या वयाला उत्तम. इंग्लंडातल्या जुन्या वाड्यात एक अमेरिकन कुटुंब राहायला येतं. शेकोटीजवळचा रक्ताचा डाग ते डाग काढायच्या औषधाने पुसून टाकतात, साखळ्या खणखणवत आलेल्या भुताला घरमालक त्या साखळ्यांना घालायला तेलाची बाटली देतो, आणि जुळी पोरं तर बिचाऱ्याला जगणं नकोसं करतात. आपल्याकडे द. मा. मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ आहे. ती हसत हसत ऐकून होईल आणि अफवा कशी वाढते तेही पोराला आपसूक कळेल. जेम्स यांची ‘लॉस्ट हार्ट्स’ मात्र लावू नका. तिच्यात लहान मुलं आहेत म्हणून लोक मुलांना ऐकवतात. तिच्यात मुलं आहेत म्हणूनच ऐकवायची नाही.

आणि सासूबाईंना विचारा की हो. मुंजा, हडळ, चकवा, हाकामारी असा सगळा साठा त्यांच्याकडे असणार. आजीच्या तोंडून ऐकलेल्या भुताचं एक बरं असतं, भीती वाटली की तिच्याच कुशीत शिरता येतं.

एका आवाजातलं वाचन चांगलं की पात्रांचे वेगळे आवाज, संगीत, दारांची करकर असलेलं नाट्यरूप? आमच्या ग्रुपमध्ये भांडणं झालीत. — मास मीडियाचा विद्यार्थी, कोल्हापूर

भांडत राहा, चांगलं आहे. माझं मत सांगते, ते एकतर्फी आहे.

नाट्यरूप वाईट नसतं. मी स्वतः नभोनाट्यांत वाढले. कोलकात्याला रेडिओ मिर्चीवर ‘संडे सस्पेन्स’ २००९पासून चाललंय. त्यात संगीत आहे, आवाज आहेत, सगळा थाट आहे, आणि बंगाली घरांत ते आवडीने ऐकलं जातं. पण नाट्यरूप करायचं तर कथा पुन्हा लिहावी लागते. मूळ कथा जशीच्या तशी घेऊन तिच्यावर कोल्हेकुई, पाऊस आणि व्हायोलिन ओतलं की दोन्हीकडून जातं.

आता ‘सिग्नल-मॅन’कडेच पुन्हा वळू. कथा सुरू होते ती हाकेने. वर उभा असलेला निवेदक खाली चरात ओरडतो, ‘ओऽऽ, खाली कोण आहे!’ सिग्नलवाला वर बघायच्याऐवजी वळून रुळांच्या दिशेने बघतो. का, ते नंतर कळतं. हेच शब्द त्याने आधी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेले असतात. आणि शेवटी ते तिसऱ्याच माणसाच्या तोंडी येतात. छापील पानावर हे तीन वेळा छापलेले तेच शब्द आहेत. नाट्यरूपात तीन वेगळे नट ते तीन तऱ्हांनी म्हणणार. एकाच वाचणाऱ्याच्या तोंडून मात्र तो तोच आवाज असतो, तीच चाल, तोच चढ. ऐकणाऱ्याला तिसऱ्या वेळी शब्द ओळखू यायच्या आधी सूर ओळखू येतो. मी ही कथा वाचायला घेतली तेव्हा निवेदकाची पहिली हाक रेकॉर्ड करून ठेवली आणि पुढच्या दोन्ही वेळी हेडफोनवर तीच आधी ऐकून मग म्हटली. एवढं एक साधलं तर करकरणारं दार लागत नाही.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची ‘द मंकीज पॉ’ (१९०२) ही तर कानांसाठीच बेतलेली. माकडाचा वाळलेला पंजा, तीन इच्छा पुऱ्या करणारा. तो इंग्लंडातल्या एका घरात येतो तो हिंदुस्थानातून, तिथे एकवीस वर्षं काढून परतलेल्या सार्जंट-मेजरच्या खिशातून. कुणा फकिराने मंतरलेला. (आपल्या देशाने इंग्रजी भुताच्या कथेला असा बराच माल पुरवला आहे.) शेवटच्या प्रसंगात दिसत काहीच नाही. रात्र, विझलेली मेणबत्ती, दारावर थाप, वरचा बोल्ट हाताला येईना म्हणून खुर्ची ओढणारी आई आणि जमिनीवर चाचपडत पंजा शोधणारा बाप. इथे नवे वाचक हमखास टेबलावर ठकठक करतात. करू नका. खरी थाप ऐकू आली की दार कुठल्या लाकडाचं आहे, बाहेर कोण असेल, सगळं ठरून जातं. ‘दारावर थाप पडली’ एवढं साध्या आवाजात म्हटलं की प्रत्येकजण आपापल्या घराच्या दारावरची थाप ऐकतो.

आणि वाचणाऱ्याने घाबरायचं नाही. हे मी नव्या मुलांना सांगून थकले. तुम्ही कापऱ्या आवाजात वाचलंत की ऐकणारा म्हणतो, चला, भीतीचं काम हा करतोय, आपण निवांत बसू. पोलिसांत जबाब देणाऱ्या सरळ माणसासारखं वाचायचं. तो आठवून सांगतोय, जमेल तितकं नेमकं सांगतोय, आपल्यावर विश्वास बसावा एवढीच त्याची इच्छा आहे.

कुजबुजही नको. तुम्ही कुजबुजलात की लोकलमधला माणूस आवाज वाढवतो, आणि पुढच्या ओळीला तुम्ही किंचाळलात की त्याचे कान जातात. तो घाबरलेला नसतो, चिडलेला असतो.

इंग्रजांची भुतं कशाला? आपल्याकडे गोष्टींची कमी आहे का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

कमी अजिबात नाही, आणि तुमच्याच जिल्ह्यातून सुरुवात करता येईल. ‘कथासरित्सागर’ उघडा. पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारातला गुणाढ्य एक पैज हरतो आणि संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडून रानात निघून जातो. तिथे काणभूती नावाचा पिशाच्च त्याला पैशाची भाषेत प्रचंड मोठी कथा सांगतो. गुणाढ्य सात वर्षं बसून ती स्वतःच्या रक्ताने लिहितो, सात लाख श्लोक. राजा म्हणतो, पिशाच्चांची भाषा, वर रक्ताने लिहिलेली, नको आम्हाला. मग गुणाढ्य टेकडीवर अग्नी पेटवतो, एकेक पान मोठ्याने वाचतो आणि जाळतो. ऐकायला रानातले प्राणी येतात आणि चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून उभे राहतात. इकडे राजा आजारी पडतो. वैद्य सांगतात, मांस सुकं आहे. आचारी शिकाऱ्यांवर ढकलतात, आणि शिकारी सांगतात की एक ब्राह्मण वाचतोय आणि जनावरं खात नाहीत, म्हणून मांसात काही उरलेलं नाही. राजा धावत जातो तेव्हा एक लाख श्लोक शिल्लक असतात.

पिशाच्चाने सांगितलेली, मोठ्याने वाचलेली आणि ऐकणाऱ्यांची भूक हरवणारी कथा. आमच्या धंद्याची याहून चांगली जाहिरात मला माहीत नाही.

अलीकडचं हवं तर नारायण धारप आहेत, रत्नाकर मतकरी आहेत. दोघांच्या कथा ऐकायला मिळतात, ऐकाव्यात. धारपांचं गद्य वाचायला सोपं वाटतं, पण वाचणाऱ्याला सावध ठेवतं, कारण बोलता बोलता ते घरगुती गप्पांतून कुठे घेऊन जातील याचा नेम नसतो. मतकरी रंगभूमीचे, त्यांचे संवाद तोंडात आपोआप बसतात. पण यासाठी इंग्रजांना हाकलायला हवं असं मला वाटत नाही. भुतांच्या बाबतीत मी फार उदार आहे.

इथे डिसेंबर आला की रेडिओ-टीव्हीवर भुताच्या कथा सुरू होतात. येशूच्या जन्माच्या सणाला भुतं कशी काय? सहकाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही. — एक मराठी कुटुंब, लेस्टर

रात्र लांब, थंडी कडाक्याची, सगळं घर शेकोटीपाशी. गोष्टींना याहून काय हवं? तोंडी चाल जुनीच होती. त्यात एकोणिसाव्या शतकात छापखाना शिरला. डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १८४३ची, ती स्वतःला भुताची गोष्टच म्हणवते. मग तो आपल्या साप्ताहिकांचे खास ख्रिसमस अंक काढायला लागला. ‘सिग्नल-मॅन’ अशाच अंकातली. डिकन्स स्वतः गावोगावी जाऊन मोठ्याने वाचायचा, सभागृहं भरायची. बीबीसीने १९७१पासून दर ख्रिसमसला एक भुताची कथा चित्रित करून दाखवायला सुरुवात केली, पहिली काही वर्षं बहुतेक जेम्स यांच्याच.

सहकाऱ्यांना आपल्या दिवाळी अंकांबद्दल सांगा. का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा १९०९ साली काढला तिथपासून सणाला फराळाबरोबर कथा वाचायची आपली सवय आहे, आणि त्या कथांत गूढकथा, भयकथा कितीतरी. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी चकली खात आपण समंधाची गोष्ट वाचतो. त्यांना ख्रिसमस समजेल.

असल्या कथा ऐकवून तुम्ही अंधश्रद्धा पसरवता असं वाटत नाही का? — एक कार्यकर्ता, सातारा

नाही वाटत. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा मला मनापासून पटतो. तो भुताच्या नावावर लोकांना मारणाऱ्या, लुबाडणाऱ्यांविरुद्ध आहे. गोष्ट सांगणारा, आपण गोष्ट सांगतोय हे आधीच कबूल करून बसलेला असतो. जेम्सना लोक विचारायचेच, तुमचा भुतांवर विश्वास आहे का. पुरावा आणा, तपासून पाहीन, पटला तर मानीन, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर होतं. तुमच्या समितीला चालण्यासारखं आहे.

आमच्या सोसायटीत कोजागरीला गच्चीवर दरवर्षी अंताक्षरी असते. या वेळी मी भुताची कथा वाचणार असं जाहीर करून बसले आहे. आता धाबं दणाणलंय. कोणती वाचू, किती वेळ, कशी? — गृहिणी, चिंचवड

अगं, छान केलंस. नवख्या माणसाने आणि मिश्र वयाच्या मंडळींसमोर ‘मंकीज पॉ’च घ्यावी. साधारण अर्ध्या तासात होते, भाग तीन आहेत, मधे थांबता येतं, आणि इच्छेचा अर्थ सगळ्यांना कळतो. जेम्स नको. गच्चीवर दुधाचे ग्लास फिरत असताना जेम्स यांचं बारीक काम वाया जाईल.

वाचायची मराठीत. स्वतःच करून घे, जुजबी जमलं तरी चालेल, कारण दुसऱ्याने केलेल्या अनुवादावर त्याचा हक्क असतो. मूळ कथेची काळजी नको. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, जेकब्ज १९४३ साली गेले. धारप २००८ साली गेले आणि मतकरी २०२०मध्ये, म्हणजे त्यांच्या कथा अजून बरीच वर्षं हक्काखाली आहेत. घरच्या बैठकीत वाचायला कुणी अडवणार नाही, पण कुणी फोनवर रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायला निघालं तर त्याला थांबव.

अनुवाद करताना नावं बदलू नकोस. मिस्टर व्हाइटचे पांढरपट्टे करून कथा मराठी होत नाही. वाक्यं मात्र तोड. डोळ्याला चालणारं तीन ओळींचं वाक्य श्वासाला चालत नाही. तयारी म्हणून दोनदा मोठ्याने वाच, एकदा उभं राहून. जिथे जीभ अडखळेल तिथला शब्द बदल, जीभ बदलणार नाही. कागद मोठ्या टाइपात काढ, एकाच बाजूला छापलेले, टाचणी न लावता, म्हणजे पानं न फडफडवता बाजूला सरकवता येतात. बांगड्या काढून ठेव. आम्ही स्टुडिओत जाताना काढतोच, आणि कडक रेशमी साडीही टाळतो, तिची सळसळ माइकला माणसापेक्षा आधी ऐकू येते.

सुरुवातीला ‘आता मी तुम्हाला घाबरवणार आहे’ असं काही बोलू नकोस. बाप-लेक बुद्धिबळ खेळत बसलेत, बाहेर पाऊस आहे, तिथून थेट सुरू कर. पहिल्या पाच मिनिटांत लोक बोलतील, कुणाचं तरी पोर रडेल, कुणी दुधात साखर कमी आहे म्हणेल. आवाज चढवू नकोस. आहे त्याच आवाजात वाचत राहिलीस की तेच एकमेकांना गप्प करतात.

चंद्र असला तरी हाताशी छोटा दिवा घे. मोबाइलचा टॉर्च नको, त्यात मेसेज येतात. आणि माइक घेऊ नकोस, खुर्च्या जवळ ओढायला सांग. गुडघे लागतील इतक्या जवळ. ज्येष्ठ मंडळी कुरकुरतील, त्यांना पुढच्या रांगेत बसव.